दिव्याचा उजेड, पाटाचं पाणी

१८७५ साली मुंबई इलाख्यात दोन गोष्टी घडल्या. कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे खडकांची एक रांग समुद्रात घुसली आहे. भरतीला ती बुडते आणि ओहोटीला उघडी पडते. त्या खडकांवर प्राँग्ज दीपगृह उभं राहिलं. ते बांधणाऱ्या इंजिनिअरचं नाव थॉमस ऑर्मिस्टन. मुंबईचा प्रिन्सेस डॉकही पुढे त्याच्याच देखरेखीखाली झाला. दीपगृहावर त्या काळचे सहा लाखांवर रुपये खर्च झाले.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी घडली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. आजच्या हिशोबानं ते बारामती तालुक्यात येतं. बाजाराच्या दिवशी कुणबी जमले, त्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

दोन्हींना जोडणारा धागा कापसाचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बंदर फुगलं, जहाजं वाढली, आणि वाढत्या बंदराला मोठा दिवा लागला. युद्ध संपल्यावर भाव कोसळला. त्यातच फेरआकारणीनं शेतसारा वाढलेला होता, आणि कर्जात बुडालेला शेतकरी सुप्याच्या बाजारात काडी घेऊन उभा राहिला. एकाच तेजीनं मुंबईला दीपगृह दिलं आणि भीमथडीला जळके कागद.

दीपगृह हे अर्थशास्त्रज्ञांचं आवडतं उदाहरण आहे. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४८ मध्ये ते वापरलं आणि पॉल सॅम्युएल्सनच्या पाठ्यपुस्तकातून ते जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचलं. मुद्दा साधा आहे. प्राँग्जचा दिवा एका जहाजानं पाहिला म्हणून दुसऱ्यासाठी तो मंद होत नाही. पैसे न भरणाऱ्या खलाशाचे डोळेही झाकता येत नाहीत. पुढे १९७४ मध्ये रोनाल्ड कोसनं दाखवून दिलं, की इंग्लंडमध्ये खाजगी माणसं दीपगृहं चालवत आणि बंदरात लागणाऱ्या जहाजांकडून पैसे वसूल करत. त्यामुळे दीपगृह सरकारनंच बांधावं लागतं, या समजाला धक्का बसला. पण उजेडाचा मूळ गुण कोसलाही बदलता आला नाही: तो वाटला तरी कमी होत नाही. म्हणून दीपगृहाच्या इंजिनिअरला लाटांशी भांडावं लागतं, पण उजेडाची वाटणी करत बसावं लागत नाही.

मला ज्या इंजिनिअरबद्दल लिहायचं आहे, त्याच्या हातात वाटल्यानं कमी होणारी वस्तू होती. ती वस्तू म्हणजे नीरा डाव्या कालव्याचं पाणी. तो कालवा बारामती शहरातून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. माझं गाव त्याच्या शेपटाला आहे, आणि आमच्याकडे ‘टेलचे’ हा शब्द पत्ता सांगायला वापरतात तसा नशीब सांगायलाही वापरतात. त्या इंजिनिअरचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे पुतळे, पदव्या आणि कर्नाटकातलं कृष्णराजसागर धरण सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी नीरेच्या खोऱ्यात सोडवायला घेतलेलं गणित मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आधी मुलूख समजून घ्यायला हवा. नीरा नदी भोरकडच्या सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेला वाहत येते आणि इंदापूर तालुक्यात नरसिंगपूरला भीमेला मिळते. उगमाकडे पाऊस धो धो कोसळतो. बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत आहेत. तिथे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही पडला तर. काही ठिकाणी खोल काळी जमीन, काही ठिकाणी मुरमाड माळ, आणि मुख्य पीक ज्वारी. सरकारी प्रयोगांना हा मुलूख नवा नव्हता. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं इंदापूर तालुक्यात जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर शेतसारा ठरवण्याचा बारीक हिशोब मांडला. कागदावर तो देखणा होता. प्रत्यक्षात आकडे चुकीचे निघाले, सारा झेपेना, आणि माणसं गावं सोडून गेली. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि बॉम्बे इंजिनिअर्सचा लेफ्टनंट विंगेट या दोघांनी तिथंच पुन्हा मोजणी करून सोपी पद्धत बसवली. तीच पुढे ‘मुंबई पद्धत’ म्हणून इलाखाभर गेली. म्हणजे कालवा येण्याच्या पन्नास वर्षं आधीच इंदापूरनं एक धडा गिरवला होता: हिशोब कितीही काटेकोर असो, ज्याच्यावर तो लागू होणार त्याला तो पेलला पाहिजे.

दंग्यांच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, मोठा दुष्काळ पडला. तो १८७८ पर्यंत चालला. सरकारनं दुष्काळी कामं काढली, आणि त्यांतूनच नीरेच्या कालव्याची खोदाई सुरू झाली. सुपे आणि इंदापूरच्या भागातली जी माणसं सावकाराच्या दारात उभी होती, त्यांच्यासारखीच माणसं आता पाट्या-कुदळी घेऊन कालव्यावर आली. वीरजवळ नदीवर बंधारा घालून तिथून डाव्या काठानं कालवा काढला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. लांबी साधारण शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. उन्हाळ्यात नदी आटल्यावर कालव्याला पाणी मिळावं म्हणून वर भोर संस्थानात, वेळवंडी नदीवर भाटघरला दगडी धरण बांधलं. त्याचा इंजिनिअर होता जे. ई. व्हायटिंग, आणि त्या जलाशयाला त्याचंच नाव दिलं गेलं. आज भाटघरला उभी असलेली भिंत त्यानंतरची, जास्त उंच आहे. ती लॉईड धरण या नावानं १९२८ मध्ये खुली झाली. पुरासाठी तिला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत.

व्हायटिंगचं धरण दगडाचं आणि चुन्याचं. इथे दीपगृहाच्या एका इंजिनिअरची आठवण काढायलाच हवी. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापुढे एडिस्टन नावाचा खडक आहे. तिथलं एक दीपगृह १७०३ च्या वादळात, ते बांधणाऱ्या विन्स्टनलीसकट, वाहून गेलं. दुसरं लाकडी होतं. ते १७५५ मध्ये जळालं. तिसरं बांधण्याचं काम जॉन स्मीटनकडे आलं. हा माणूस मुळात वैज्ञानिक उपकरणं बनवणारा. खाऱ्या पाण्यात, लाटांखाली घट्ट होणारा चुना त्याला हवा होता. वेगवेगळ्या ठिकाणचे चुनखडीचे दगड आणून त्यानं प्रयोग केले. शुभ्र, शुद्ध चुनखडीचा चुना उत्तम, असा तेव्हाचा समज होता. स्मीटनच्या लक्षात आलं, की पाण्याखाली घट्ट होतो तो मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना. १७५९ मध्ये त्याचा मनोरा उजळला आणि शंभर वर्षांहून जास्त काळ टिकला. शेवटी तो उतरवावा लागला तेव्हा मनोरा शाबूत होता. खालचा खडक झिजला होता. स्मीटननं कालवेही काढले, पाणचक्क्यांवर संशोधन केलं, आणि लष्करी इंजिनिअरहून वेगळे म्हणून स्वतःला ‘सिव्हिल इंजिनिअर’ म्हणवून घेणाऱ्या पहिल्या मंडळींत तो होता.

आपल्याकडच्या काळ्या मातीत सापडणाऱ्या कंकरात हा मातीचा अंश निसर्गानंच मिसळलेला असतो. इथल्या गवंड्यांना त्याचा गुण पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. तो का येतो, याचं उत्तर शोधण्याची वाट स्मीटननं दाखवली. एकोणिसाव्या शतकात सिमेंटशिवाय पाणी अडवणाऱ्या उंच भिंती बांधणाऱ्यांच्या पाठीशी हे दोन्ही प्रकारचं ज्ञान होतं. भिंत उभी करण्याचा प्रश्न, म्हणजे दीपगृहाच्या इंजिनिअरचा प्रश्न, नीरेवर असा सुटला.

दुसरा प्रश्न पाणी सुटल्यावर सुरू झाला.

कालवा उतारानं चालतो. मुखाशी पाणी आधी पोचतं आणि शेपटाशी शेवटी. मधल्या शंभर मैलांत मातीचा पाट पाणी पितो, ऊन पाणी पितं, आणि वरचा शेतकरी दारं धरून बसलेला असतो. मुखाजवळच्या गावाला पाण्याची चंगळ आणि शेपटाकडच्या गावाला कोरडी चारी, हे कुणाच्या दुष्टपणानं होत नाही. उतारच तसा असतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे मोजकी क्षमता अनेकांत वाटायची असेल आणि नियम घातला नाही, तर जो आधी येतो तो सगळं घेतो. कालव्यावर कोण आधी येणार, हे जमिनीच्या नकाशानं कायमचं ठरवून टाकलेलं असतं.

त्यात सरकारची वेगळीच अडचण होती. कालवा काढला होता दुष्काळापासून संरक्षण म्हणून. पण पाऊस बरा झाला, की काळ्या जमिनीतला ज्वारीवाला पाणी मागेच ना. पैसे देऊन पाणी घेण्याची त्याला गरज नव्हती. पाऊस गेला, की सगळे एकदम मागायचे, आणि तेव्हा सगळ्यांना पुरेल इतकं पाणी नसायचं. त्यामुळे पाणीपट्टी जमेना आणि कालवा तोट्यात दिसू लागला. ठरलेली, बारमाही मागणी कुणाची, तर ऊसवाल्याची. ऊस वर्षभर पाणी घेतो आणि पट्टीही जास्त देतो. म्हणून महसूल पाहणाऱ्याची नजर उसाकडे आणि दुष्काळ पाहणाऱ्याची ज्वारीकडे, अशी ओढाताण पहिल्या दिवसापासून होती.

या ओढाताणीत विश्वेश्वरय्या आले. जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. लहानपणीच वडील गेले. शिकवण्या करत बंगळुरात पदवी घेतली, आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. तेच आजचं सीओईपी. १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. पुढची जवळपास पंचवीस वर्षं ते याच खात्यात होते. खानदेशात त्यांनी पांझरा नदीच्या खोऱ्यात नाल्यापार पाणी नेणारा नळाचा सायफन केला, सिंधमध्ये सक्करला शहराच्या पाण्याची योजना केली, आणि मग पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचं काम त्यांच्याकडे आलं. कर्नाटकात त्यांना आपला माणूस म्हणतात ते बरोबरच आहे. पण इंजिनिअर म्हणून ते घडले महाराष्ट्राच्या नद्यांवर.

पांझरेचं खोरं महत्त्वाचं आहे. तिथे शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली होती. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात एकच पीक. एका वर्षी ज्या फडात ऊस, तिथे पुढच्या वर्षी दुसरं पीक. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असेल, अशी वाटणी. पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी. पाणी कमी असेल तर त्या वर्षी सगळ्यांनी मिळून एखादा फड कोरडा ठेवायचा. यात कुणी कायमचा वरचा नसतो आणि कुणी कायमचा खालचा नसतो. विश्वेश्वरय्यांची पहिल्या वर्षांतली नोकरी याच मुलखात झाली. नीरेवर त्यांनी जे सुचवलं, त्यात या पद्धतीची छाया मला स्पष्ट दिसते.

एकोणिसावं शतक संपताना पुन्हा दुष्काळ पडला. १९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन इरिगेशन कमिशन नेमलं गेलं. मॉन्क्रिफ इजिप्तमध्ये नाईलच्या पाण्यावर काम करून आलेले होते. दख्खनचे कालवे तोट्यात का आणि दुष्काळात त्यांचा उपयोग कसा वाढेल, हे कमिशननं विचारलं. विश्वेश्वरय्यांनी कमिशनपुढे साक्ष दिली आणि नीरेच्या कालव्यावर ब्लॉक पद्धत मांडली.

ती अशी. मुखाजवळच्या मोजक्या गावांनी सगळं पाणी ओढण्याऐवजी कालव्याच्या लांबीवरच्या जास्तीत जास्त गावांना पाणी द्यायचं. पण गावातल्या प्रत्येक वावरात ते सांडायचं नाही. गावाच्या शिवारातली पाण्याला योग्य, निचऱ्याची जमीन निवडून तिचा एक सलग तुकडा, म्हणजे ब्लॉक, आखायचा आणि पाणी तेवढ्यातच द्यायचं. त्या ब्लॉकमध्ये तीन वर्षांची फेरपालट. एका वेळी साधारण एक तृतीयांश जमिनीत ऊस; बाकीच्या हिश्शात कमी पाण्याची, हंगामी पिकं. पुढच्या वर्षी ऊस दुसऱ्या हिश्शात सरकणार. शेतकऱ्याशी काही वर्षांचा करार, म्हणजे त्याला पाण्याची खात्री आणि सरकारला पट्टीची.

हे वाचताना आधी वाटतं, यात काय मोठं? यात धरण नाही, दरवाजा नाही, यंत्र नाही. पण त्यातली एकेक अट बघा. ‘जास्तीत जास्त गावं’ ही अट शेपटाच्या बाजूनं आहे. ‘सलग तुकडा’ ही अट पाण्याच्या गळतीविरुद्ध आहे, कारण विखुरलेल्या वावरांपर्यंत चाऱ्या नेण्यात पाणी मुरतं. ‘निचऱ्याची जमीन’ आणि ‘फेरपालट’ या अटी जमिनीच्या बाजूनं आहेत. आणि ‘एक तृतीयांश’ ही अट उसाला परवानगीही देते आणि कुंपणही घालते. महसूल आणि दुष्काळ, दोघांनाही एका ताटात जेवायला बसवण्याचा हा प्रयत्न होता. मुखाजवळच्या बड्या बागाइतदारांना तो रुचणारा नव्हताच. हवं तेवढं पाणी हवं तिथे घ्यायची सवय झालेल्या माणसाला कुठलीही वाटणी आपल्यावरचा अन्यायच वाटते.

याच काळात विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. ते १९०३ मध्ये पुरे झाले. धरणाची भिंत न वाढवता सांडव्यावर दरवाजे लावून त्यांनी आठ फूट जास्त पाणी साठवलं. पाण्याची पातळी ठरलेल्या रेघेला पोचली, की पाणी बाजूच्या विहिरीत शिरतं, तिथल्या वजनाचा तोल बदलतो आणि दरवाजा स्वतःच उचलला जातो. पूर ओसरला, की तो पुन्हा खाली बसतो. मध्यरात्री पुरात धावत जाऊन कुणाला चाक फिरवायला नको. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावानं निघालं. पण आपण सरकारी नोकरीत असताना हे केलं, म्हणून त्यांनी त्यावरचा मोबदला घेतला नाही.

दर इंजिनिअर्स डेला या दरवाज्यांचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. दोन कामं शेजारी ठेवली, की मात्र एक गोष्ट जाणवते. दरवाज्याला पाण्याचं वजन कळतं, म्हणून तो आपोआप चालतो. वाटणीला आपोआप चालवणारं असं कुठलंही वजन निसर्गात नाही. तिला दर वर्षी, दर पाळीला कुणीतरी माणसानं धरून ठेवावं लागतं: अर्ज, मोजणी, पाळीपत्रक, पाटकरी. एका माणसानं जवळपास एकाच वेळी ही दोन्ही कामं केली. यंत्र होतं ते टिकलं, आणि माणसांवर अवलंबून होतं ते झिजत गेलं.

झीज लवकर सुरू झाली. १९१० मध्ये हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले रसायनशास्त्रज्ञ. कालव्याला पंचवीस वर्षं झाली होती. भरपूर पाण्यानं भूजल वर आलं होतं, त्याबरोबर क्षार वर आले होते, आणि चांगल्या काळ्या जमिनीवर पांढरी खपली धरू लागली होती. आमच्याकडे तिला ‘जमीन फुटली’ म्हणतात. जिथे पाणी मिळत नाही तिथलं शेत सुकतं आणि जिथे जास्त मिळतं तिथलं शेत फुटतं. म्हणजे वाटणी बिघडली, की दोन्ही टोकांचं नुकसान होतं. १९१६ मध्ये मुंबई सरकारनं याच प्रश्नांसाठी पुण्यात पाटबंधारे संशोधनाचा खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस या आयरिश इंजिनिअरनं तो वाढवला. आज खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून जी मोठी संस्था आहे, ती याच रोपट्याची. आता तिथे देशभरच्या धरणांचे आणि बंदरांचे नमुने तपासले जातात. सुरुवात मात्र पाण्यानं बिघडलेल्या शेतांपासून झाली होती.

ऊस तोवर थांबणारा नव्हता. सासवडकडचे कसबी माळी शेतकरी नीरेच्या काठी आले, खंडानं जमिनी घेऊ लागले आणि मेहनतीनं उसाचे मळे फुलवू लागले. गुऱ्हाळं लागली, बारामतीची गुळाची पेठ वाढली. पुढे १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळालं आणि कारखाने आले. सासवडच्या माळ्यांनी नीरेपलीकडे माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसवलं. इथे कथा पुन्हा समुद्राला भेटते. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी याच वालचंदांची. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचं ‘एसएस लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. प्राँग्जचा दिवा वालचंदांच्या जहाजाला दिसत होता आणि त्यांच्या ब्रिटिश प्रतिस्पर्ध्यांच्या जहाजांनाही तितकाच दिसत होता. त्यावरून भांडण झालं नाही. इंदापुरात मात्र त्यांच्या उसाला गेलेलं पाणी दुसऱ्या कुणाच्या ज्वारीला मिळणं शक्य नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले: सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचं छत्रपती. त्यांनी या भागाचं काय केलं, हे मी नाकारणार नाही. शाळा, कॉलेजं, रस्ते, पक्की घरं. माझ्या पिढीतली कितीतरी मुलं उसाच्या बिलावर इंजिनिअर झाली, मीही त्यातलाच. माझं म्हणणं एवढंच आहे, की विश्वेश्वरय्यांनी उसाला पाणी देताना जी कुंपणं घातली होती, ती आम्ही एकेक करून काढून टाकली आणि पाणी तेवढं ठेवलं. पाटबंधारे खात्याच्या बोलण्यात ‘उसाचा ब्लॉक’ हा शब्द राहिला. एक तृतीयांश हा आकडा शिवारात शोधून सापडत नाही.

दरम्यान भीमेवर उजनी धरण झालं. १९८० मध्ये ते पुरं झालं आणि त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातली कितीतरी गावं आणि काळीभोर जमीन गेली. पळसदेवचं जुनं मंदिर अजूनही उन्हाळ्यात पाणी उतरलं, की वर येतं. ज्यांच्याकडे मोटारी आणि पाइपलाइन आहे, ते उजनीतून पाणी उचलतात. त्यामुळे एकाच तालुक्यात जमिनी बुडालेलं पाणीही आहे आणि पाण्याची वाट पाहणारा शेपटाचा भागही आहे. २०१९ मध्ये नीरा-देवघरचं पाणी डाव्या कालव्याला किती आणि उजव्याला किती, हा वाद थेट मंत्रालयात गेला, तेव्हा बारामती-इंदापूर विरुद्ध फलटण-माळशिरस-सांगोला अशी चर्चा रंगली. डाव्या कालव्याच्या आत मुख आणि शेपूट यांच्यात काय होतं, हा प्रश्न त्यात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

कायदे नाहीत असं नाही. २००५ मध्ये राज्यानं पाणीवापर संस्थांचा कायदा केला. शेतकऱ्यांच्या संस्थेला पाणी मोजून द्यायचं आणि आतली वाटणी संस्थेनं करायची, अशी त्याची कल्पना. आवर्तन ‘टेल टू हेड’, म्हणजे शेपटाकडून मुखाकडे द्यायचं, असं कालवा सल्लागार समितीच्या बैठकांत जाहीरही होतं. दोन्ही नियमांमागे फडाचाच आणि ब्लॉकचाच विचार आहे. पण शेपटाला आधी पाणी द्यायचं, तर ते वरच्या प्रत्येक फाट्यासमोरून न थांबता पुढे जाऊ द्यावं लागतं. त्यासाठी वरच्या गावाला खात्री हवी, की आपली पाळी नक्की येणार आहे. ती खात्री मोजमापाच्या उपकरणानं थोडी येईल, ॲपवरच्या आकड्यांनी थोडी येईल. बाकीची यायला पाच-दहा वर्षं सलग दिलेला शब्द पाळावा लागेल.

विश्वेश्वरय्या १९०८ मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीतून बाहेर पडले. हैदराबाद, मग म्हैसूर, दिवाणपद, भारतरत्न हे सगळं त्यानंतरचं. १९६२ मध्ये ते वारले तेव्हा शंभरी ओलांडली होती. त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आमच्या ग्रुपवर कृष्णराजसागरचे फोटो फिरतात. त्याच सुमारास, पाऊस चांगला झालेला असेल तर, भाटघर भरलेलं असतं, सांडव्यावरून पांढरं पाणी कोसळत असतं आणि तेही फोटो येतात. मार्च-एप्रिलमध्ये त्याच ग्रुपवर वेगळा मेसेज येतो: पाणी कुठल्या फाट्यापर्यंत आलं? त्याला कुणीतरी फाट्याचा नंबर टाकून उत्तर देतं. आमचा नंबर त्याच्या बऱ्याच पुढचा असतो.